तिसऱ्या वेळचं दही

"गद्र्यांच्या घरात एकदा तारीख ठरली की ठरली. ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही!" हे रघुनाथरावांनी शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पानवाल्यापासून महाराष्ट्र मंडळाच्या चिटणिसापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. रविवारी सकाळी ते चहाचा पहिला घोट घेत होते, तेवढ्यात मधला भाऊ गजानन समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, अजून थोडी मुदत हवी होती."

बशीतला चहा धोतरावर सांडला.

तारीख दुसऱ्या दिवसाची होती, पाडव्याची. कलकत्त्यातल्या भवानीपूरच्या या भाड्याच्या घरात तिघा भावांची एक चूल. गजानन आणि त्याची बायको उज्ज्वला त्या चुलीतून बाहेर पडून बालीगंजला वेगळं बिऱ्हाड करणार, हे गेल्या श्रावणात भांड्यांच्या आवाजात ठरलं होतं. तेव्हा मुहूर्त होता दसऱ्याचा. दसऱ्याला थोरल्या कालिंदीवहिनींनी श्रीखंडाचं जेवण केलं, उज्ज्वलाची ओटी भरली, निघताना दोघांच्या हातावर दही ठेवलं, घरातल्या वडीलधाऱ्या शकुनआत्या रडल्या, सामानाचा ठेला निघाला. संध्याकाळी ठेला परत आला. बालीगंजच्या जुन्या भाडेकरूच्या मुलांना कांजिण्या झाल्या होत्या आणि त्यांनी जागा सोडलीच नव्हती. मग संक्रांत ठरली. पुन्हा जेवण, गुळाच्या पोळ्या, पुन्हा ओटी, पुन्हा दही. आत्या पुन्हा रडल्या, पण जरा आटोपशीर. या खेपेला भाडेकरू गेला होता, पण घरमालक हलदारबाबूंनी भिंतींना चुना दिला होता आणि तो वाळायचा होता.

"चुना अजून ओला आहे?" रघुनाथरावांनी धोतर झटकत विचारलं.

"थोडा."

"दोन महिने?"

"कलकत्त्याची हवा दमट आहे, दादा."

"गजा, आपण याच हवेत जन्मलो. आपण वाळलो ना?"

गजाननने पेपर उचलला. पेपरचं बाहेरचं पान दादांचं, आतलं त्याचं आणि मधल्या पानावर रोज सकाळी भांडण, अशी वडिलांच्या वेळेपासूनची वहिवाट होती. आज रघुनाथरावांनी मधलं पान न भांडता देऊन टाकलं. त्यावरूनच घरातल्या सगळ्यांनी ओळखलं, की प्रकरण गंभीर आहे.

"मी एकटा काही ठरवणार नाही," रघुनाथराव म्हणाले. "दुपारी मतदान."

घरात कुणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. तो कालिंदीवहिनींचा होता.

जानेवारीच्या निवडणुकीत शाळामास्तरांना लावलं कामाला, त्यात गणित शिकवणाऱ्या रघुनाथरावांना एका मतदान केंद्राचं अधिकारी केलं. एक दिवसाचं राज्य, पण माणूस घरी आला तो बदलूनच. तेव्हापासून घरातली प्रत्येक गोष्ट मताला पडायची. शिवाय घराची घडी बदलणारी गोष्ट असेल तर एकमत हवं, एकानेही नाही म्हटलं की नाही, हा नियम त्यांनी स्वतःच्या मनाने जोडला होता. मागच्या महिन्यात घरात मासा आणू द्यावा का, यावर मत घेतलं. सहांनी हो म्हटलं, एकाने नाही, आणि नियमाप्रमाणे मासा पडला. मतदान गुप्त होतं, त्यामुळे ते एक मत शकुनआत्यांचं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळे फक्त त्या दिवशी आत्यांशी बोलत नव्हते.

*

स्वयंपाकघरात कालिंदीवहिनी कणीक तिंबत होत्या, म्हणजे कणकेला मारत होत्या.

"तिसऱ्यांदा मी काही जेवण करणार नाही, सांगून ठेवते. दोन वेळा निरोप दिला. दोन वेळा ओटी भरली. तिच्या ओटीतले तांदूळ परत आमच्याच डब्यात आले. अशाने माणसाला लाज वाटावी की नाही?"

"कुणाला, वहिनी?" धाकटी नलिनी म्हणाली. ती मांडीवरच्या बाळाला थोपटत बसली होती.

"तांदळाला!" कालिंदीवहिनींनी गोळा आपटला. मग आवाज खाली आणला. "हे बघ, नलिनी. मुदत पाडायला एक मतही पुरे, पण एकटीच्या माथी खापर नको. तूही ट्रामला टाक."

"ट्रामला?"

"निशाणी आहे. जायचं असेल तर ट्राम, राहायचं असेल तर खाट. ह्यांनी सकाळीच काढली चित्रं. तुला ती खोली पाहिजे ना?"

नलिनीला ती खोली पाहिजे होती. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हापासून ती आणि विनायक तळमजल्यावर कोळशाच्या खोलीत राहत होते. अर्ध्या खोलीत कोळसा, अर्ध्यात संसार. खिडकी एकच, तीही अंगणात उघडणारी. त्याच खिडकीखाली रोज संध्याकाळी उनून, म्हणजे इकडची शेगडी, पेटायचा. मातीने लिंपलेल्या त्या बादलीत गोवऱ्या आणि कोळसे भरून काडी लावली की आधी नुसता धूर, आणि धूर सरळ खिडकीतून आत. धूर ओसरला की उनून स्वयंपाकघरात नेत. उनूनला काही होत नसे. आठ महिन्यांचं बाळ मात्र खोलीत राहिलेल्या धुराने रात्र रात्र खोकायचं. डॉक्टर म्हणाले होते, याला वरच्या हवेशीर खोलीत ठेवा. वर हवेशीर खोली एकच होती, रस्त्याकडच्या गच्चीची. तिथे गजानन आणि उज्ज्वला राहत. ते गेले की खोली नलिनीची, हे श्रावणातच ठरलं होतं. म्हणून दसऱ्याला आणि संक्रांतीला नलिनीने दोन वेळा ट्रंक भरली होती आणि दोन वेळा रिकामी केली होती.

"मी तर डोळे मिटून ट्रामला टाकणार," कालिंदीवहिनी म्हणाल्या. "चुलीवर दोन बायका असल्या की पुरे. तिसरी आली की मीठ दोनदा पडतं."

"पण मीठ तर तुम्हीच दोनदा टाकता, वहिनी."

"ती बोलत असते ना मधे! माझं लक्ष राहत नाही!"

तेवढ्यात उज्ज्वला दारात आली. कालिंदीवहिनी एकदम गप्प झाल्या आणि कणकेशी मायेने वागू लागल्या.

"दे त्याला इकडे," उज्ज्वलाने नलिनीच्या मांडीवरून बाळ उचललं. बाळ तिच्या खांद्याला सवयीने चिकटलं. धुराच्या वेळी रोज संध्याकाळी ते उज्ज्वलाच्या खोलीतच असायचं. तिला स्वतःला मूल नव्हतं, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. आत्या सोडून.

"चल, गच्चीत ये जरा," ती नलिनीला म्हणाली.

गच्चीत आल्यावर तिने आधी खाली ट्रामचे रूळ पाहून घेतले, मग सरळ विषयाला हात घातला.

"वहिनींनी तुला काय सांगितलं ते मला माहीत आहे. त्यांच्या जागी मी असते तर तेच सांगितलं असतं. पण ऐक, मला काय हौस आहे का इथे राहायची? माझी स्वतःची चूल, माझं स्वतःचं मीठ, एवढंच मागणं आहे माझं. पण ते हलदारबाबू चावीच देत नाहीत. हे दर आठवड्याला जाऊन येतात आणि सांगतात, चुना ओला. उद्या निघून आम्ही काय ओल्या भिंतीला टेकून बसू?"

"अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत मागताय?"

"तोवर वाळेल ना गं? तुझी इंदुरी साडी मी परत... बरं ते जाऊ दे. माझी निळी शाल तुला. बाळाला गुंडाळायला."

"शाल नको, वहिनी," नलिनी म्हणाली.

"मग काय हवं?"

नलिनीने खोलीकडे पाहिलं. खिडकीतून वारा येत होता, भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. कुणाला घालवायचं नाही आणि बाळाला खोकू द्यायचं नाही, या दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात सकाळपासून एकमेकींना ढकलत होत्या. आता त्या एकदम शेजारी शेजारी बसल्या.

"दुपारी सांगते," ती म्हणाली.

*

जेवणं झाल्यावर माजघरात सभा भरली. रघुनाथराव पाटावर, समोर परात, हातात शाळेची घंटी. शकुनआत्या भिंतीला टेकून. गजानन आणि उज्ज्वला एका बाजूला, विनायक आणि नलिनी दुसऱ्या बाजूला. विनायक हा गद्र्यांचा धाकटा. विमा कंपनीत नोकरी करायचा, आणि बायको बोलली की मान हलवायचा. कालिंदीवहिनी मधे, म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तिथून दोन्ही पक्षांवर नजर राहायची आणि दुधावरही.

"आधी चर्चा," रघुनाथराव म्हणाले.

"आधी मला सांग, रघू," आत्या म्हणाल्या, "ज्यांना जायचं आहे, त्यांनी जाण्याबद्दल मत कसं द्यायचं? म्हणजे चोराला विचारायचं, तुला कोठडी कुठली देऊ?"

"आत्या, जाईपर्यंत ते घरातलेच."

"जाईपर्यंतच ना? मग ते कधी जाणार तेही तेच ठरवणार! छान आहे तुझा कायदा. वहिवाट अशी होती, की बोलायचं थोरल्याने आणि रडायचं आम्ही."

"आत्या, मी थोरलाच आहे."

"मग बोल की! घंटी काय वाजवतोस?"

रघुनाथरावांनी घंटी खाली ठेवली. "माझं मत मी उघड सांगतो. तारीख म्हणजे तारीख. एकदा वाढवली, दोनदा वाढवली. उद्या शाळेतली पोरं म्हणतील, मास्तर, पेपर सोडवायला अक्षय्य तृतीयेपर्यंत वेळ द्या."

"दादा, पोरांच्या पेपरावर चुना नसतो," गजानन म्हणाला.

"माझंही हेच मत," कालिंदीवहिनी म्हणाल्या. "आणि दह्याचं काय ते आधी ठरवा."

"दह्याचं काय?"

"अहो, निघताना हातावर दही ठेवतात ते कशासाठी? गेलेलं माणूस सुखरूप परत यावं म्हणून! मी दोनदा ठेवलं, दोनदा परत आले. गुण आहे दह्याला."

"आंबट ठेवायचं गं," आत्या म्हणाल्या. "तू त्या कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचं गोड दही ठेवलंस, मडक्यातलं. गोड दही खाल्लं की माणूस रेंगाळणारच."

"इथे आंबट मिळतं कुठे?"

"घरी लाव."

"लावलं होतं. मांजराने खाल्लं."

"मग मांजर परत आलं का?" विनायकाने विचारलं. हे त्याचं सभेतलं पहिलं वाक्य होतं, आणि नलिनीने त्याच्याकडे पाहिल्यामुळे शेवटचंही.

"मला बोलायचं आहे," नलिनी म्हणाली. सगळे वळले. थोरल्या दिरासमोर ती सहसा बोलत नसे, त्यामुळे तिने घंटीकडे बघून सुरुवात केली. "मुदत द्यायला माझी ना नाही."

उज्ज्वलाचा चेहरा फुलला. कालिंदीवहिनींच्या हातातला फडका खाली पडला.

"पण एक अट आहे. ज्यांना जायचंय, त्यांनी मुदतीचे दिवस वाट बघणाऱ्याच्या खोलीत काढावेत."

"म्हणजे?" गजाननने विचारलं.

"म्हणजे कोळशाच्या. आम्ही आजच वर येतो. भाऊजींना आणि उज्ज्वलावहिनींना जितके दिवस हवेत तितके घेऊ द्यात. अक्षय्य तृतीया, आषाढी, दिवाळी. खाली राहून."

आत्यांनी कौतुकाने मान हलवली. "ही पोरगी वकील व्हायची."

"कोळशाच्या खोलीत?" उज्ज्वला म्हणाली. "त्या धुरात? नलिनी, अगं..."

"मान्य!" गजानन म्हणाला.

"अहो!"

"मान्य आहे म्हटलं ना! थोडा धूर लागला म्हणून काय झालं. बाळाचं बघायला नको?" तो घाईघाईने म्हणाला. इतक्या घाईने, की रघुनाथरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. हा तोच गजानन होता, जो श्रावणात याच माजघरात छाती ठोकून म्हणाला होता, 'मला माझं स्वतंत्र आकाश हवं.' आता तो स्वतंत्र कोळशावर खूश होता.

*

मतदान कोठीच्या खोलीत होतं, पडद्याआड. फळीवर दोन डबे. पोह्याच्या डब्यावर ट्रामचं चित्र, साबुदाण्याच्या डब्यावर खाटेचं. रिकामे डबे द्यायला कालिंदीवहिनींनी साफ नकार दिला होता. "वरती चिठ्ठ्या टाका. साबुदाणा काही मत देत नाही."

आत्या पहिल्या गेल्या आणि लगेच पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "रघू, हे कासव कशाचं?"

"ती ट्राम आहे, आत्या."

"मग तिला पाय का आहेत?"

"चाकं आहेत ती!"

"बरं बरं." त्या पुन्हा आत गेल्या.

गजाननची पाळी आली तेव्हा तो पडद्याआड जरा जास्तच रेंगाळला. डब्यात काहीतरी खळखळलं.

"गजा, एक चिठ्ठी टाकायची आहे," रघुनाथराव बाहेरून ओरडले. "खिचडी नाही करायची."

गजानन घामाघूम होऊन बाहेर आला. त्याच्या बोटांना साबुदाणा चिकटला होता. त्याच्या मनात एकच गोष्ट चालली होती: एवढे डबे घरात, आणि दादांना हाच मिळावा!

शेवटी स्वतः रघुनाथराव आत गेले. पडद्याआड उभे राहून त्यांनी आपणच काढलेली ट्राम पाहिली. खरंच कासवासारखी दिसत होती. सकाळी पाडव्याचा विचार करताना त्यांच्या मनात आलं होतं, की परवापासून मधलं पान कुणाशीच भांडायचं नाही. संपूर्ण पेपर आपला. एवढा मोठा पेपर एकट्याने वाचायचा म्हणजे काय, या कल्पनेनेच त्यांना थकवा आला होता. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मतदान गुप्त होतं. कायदाच होता तसा.

मोजणी परातीत झाली. आधी ट्रामचा डबा उपडा केला. पोहे पडले. पोहेच पडले.

"एकही नाही?" रघुनाथरावांनी डबा झटकला. मग कालिंदीवहिनींकडे पाहिलं. "काय गं, तू तर म्हणालीस..."

"मतदान गुप्त आहे," कालिंदीवहिनी उंबऱ्यावरून म्हणाल्या आणि दूध बघायला आत गेल्या. दूध त्यांनी मघाशीच उतरवलं होतं. त्यांनी कधी पडताळून पाहिलं नव्हतं, पण मीठ एकदाच पडलं तर आपल्यालाच चव कळेनाशी होईल, असं त्यांना वाटू लागलं होतं.

दुसऱ्या डब्यातून साबुदाणा आणि त्यात मिसळलेल्या सात चिठ्ठ्या निघाल्या. सातच्या सात. मागच्या तीन महिन्यांत या घरात एकमत असं झालं नव्हतं. रघुनाथरावांनी घंटी उचलली.

"एकमताने मुदत..."

तेवढ्यात साबुदाण्याच्या ढिगातून पितळी चावी घरंगळत आली आणि परातीच्या कडेला टण्णकन लागली. चावीला लाल दोरा होता.

ती घंटी नव्हती, पण सभा तिथेच थांबली.

उज्ज्वला पुढे वाकली. तिने चावी उचलली, साबुदाण्याचा एक दाणा नखाने काढला. हा लाल दोरा तिने संक्रांतीला हलदारबाबूंच्या बोटाला गुंडाळलेला पाहिला होता. ओल्या चुन्यासमोर उभे राहून ते तोच फिरवत होते.

"हे काय आहे?"

"चावी दिसते," गजानन म्हणाला.

"कुणाची?"

"पडली असेल."

"हलदारबाबूंची चावी बालीगंजहून आपल्या साबुदाण्यात पडली?"

"उपासाचा डबा आहे," आत्या म्हणाल्या. "महाशिवरात्रीला उघडलेला. आता आषाढीपर्यंत कोण उघडतंय! लपवणाऱ्याने पंचांग पाहून लपवलीय हं." त्यांनी गजाननकडे पाहिलं. "गजा लहानपणी खडीसाखरही यातच लपवायचा."

गजानन भिंतीकडे बघत उभा राहिला. मग एकदम म्हणाला, "काय करू मग? चुना केव्हाच वाळला. चावी दिली त्यांनी. मी ती घेऊन तिथे गेलो, एकटाच, एका सकाळी. घर छान आहे. हवा आहे. उजेड आहे. वाटेत पेपर घेतला होता, तो वाचायला बसलो. पहिलं पान वाचलं, मधलं वाचलं, शेवटचं वाचलं. कुणी हिसकावलं नाही. कुणी म्हणालं नाही, 'गजा, तुला काय कळतंय त्यातलं.' अर्ध्या तासात पेपर संपला आणि मग करायचं काय तेच कळेना." त्याचा आवाज चिरका झाला. "म्हणून आलो परत."

रघुनाथरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. काचा स्वच्छच होत्या.

"तुला खरंच त्यातलं काही कळत नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कळतं!"

"नाही कळत!"

"वा!" उज्ज्वला म्हणाली. "म्हणजे मी इथे दारोदार मतं मागतेय, निळी शाल द्यायला निघालेय, आणि हे..." ती हसत होती की रडत होती, हे तिलाही नक्की ठरवता आलं नाही. मग तिने चावी मुठीत घट्ट धरली. "विनायकभाऊजी, ठेलेवाल्याला बोलवा. आत्ताच्या आत्ता निघायचं."

"मुदत मंजूर झाली आहे," रघुनाथराव म्हणाले. "एकमताने."

"मुदत तुम्हीच वापरा, दादा!"

*

विनायक गल्लीच्या तोंडावरून ठेला घेऊन आला. घरातला तोच एक माणूस दिलेलं काम लगेच करत असे, आणि त्याने आणखीही एक काम लगेच केलं. गजाननच्या ट्रंका खाली आणताना तो प्रत्येक फेरीला आपली एक वस्तू वर नेत होता. पाळणा गेला, पलंग गेला, नलिनीची ट्रंक गेली. ठेला भरेपर्यंत गच्चीच्या खोलीत बाळ झोपलेलंही होतं.

तिसरं जेवण करायला वेळ नव्हता, म्हणून कालिंदीवहिनींनी भाकरी आणि पिठलं बांधून दिलं. ओटी भरली. तांदूळ मात्र मुद्दाम कमी घातले, परत येणार नाहीत म्हणून नव्हे, आले तर निवडायला नकोत म्हणून.

"दही ठेवू नकोस गं," आत्या दारातून म्हणाल्या. "आहे ते गोडच आहे."

"काही ठेवत नाही," कालिंदीवहिनी म्हणाल्या.

उज्ज्वला नमस्काराला वाकली. उठताना तिने हात सवयीने पुढे केला होता, तळवा वर. रिकामा. कालिंदीवहिनींनी त्या तळव्याकडे पाहिलं. हीच मुलगी चुलीशी इतकी बोलायची, की मीठ दोनदा पडायचं.

"थांब," त्या म्हणाल्या आणि आत पळाल्या. मातीचं मडकं घेऊन आल्या आणि दोघांच्या हातावर चमचा चमचा दही ठेवलं. दही गुलाबीसर आणि घट्ट होतं. आत्या पदराने डोळे पुसू लागल्या. या खेपेला त्या दसऱ्यापेक्षाही जास्त रडल्या.

नलिनी ठेल्यापर्यंत आली. "वर आता धूर येणार नाही," ती म्हणाली. "पण संध्याकाळी बाळ तुम्हाला शोधेल. या अधूनमधून."

"येते," उज्ज्वला म्हणाली. 'जाते' म्हणायचं नसतं, म्हणून म्हणाली. मग हातावरचं दही तिने लहान मुलासारखं चाटून टाकलं, आणि ठेला बालीगंजच्या दिशेने हलला. गजानन मागे चालत होता. काखेत पेपरचं मधलं पान होतं. ते रघुनाथरावांनी दिलं की त्याने पळवलं, यावर नंतर बराच वाद झाला.

*

बालीगंजला चावी कुलुपाला लागली नाही. कुलूप नवीन होतं.

दार आतून उघडलं ते एका अनोळखी गृहस्थाने, लुंगीवर, हातात कंगवा. ते हलदारबाबूंचे जावई होते. खुद्द हलदारबाबू वरच्या मजल्यावरून खाली आले आणि फार दिलगीर झाले. चावी देऊन कितीतरी दिवस झाले, गद्रेबाबू आले नाहीत, निरोप नाही, त्यांना वाटलं विचार बदलला. जावयाला जागा हवीच होती. भिंतींना त्यांनी हौसेने पुन्हा रंग दिला होता. गजाननने भिंतीला हात लावून पाहिला. हिरवा रंग बोटाला लागला.

"ओला आहे," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर उज्ज्वला ठेल्याच्या पुढे चालत होती. रासबिहारीच्या चौकात ठेला ट्रामसाठी थांबला तेव्हा ती म्हणाली, "वहिनींनी दही ठेवायला नको होतं." आणि मग तिला हसू आलं, आणि तिने ते आवरायचा प्रयत्न केला नाही.

ठेला भवानीपूरला पोहोचला तेव्हा रघुनाथराव ओट्यावरच होते. जणू तिथेच बसून होते. त्यांनी ठेल्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि इतक्या गंभीरपणे घंटी वाजवली की पानवालासुद्धा बाहेर आला.

"मुदत मंजूर होतीच," ते म्हणाले. "सात विरुद्ध शून्य. नियमाप्रमाणे."

"आणि अट?" गजाननने विचारलं.

"अटही नियमाप्रमाणे."

गच्चीच्या खोलीत बाळ झोपलं होतं, आणि खोकत नव्हतं. उज्ज्वलाने दारातून डोकावून पाहिलं. नलिनी बाळाशेजारी अर्धवट उठून बसली. उज्ज्वलाने ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली आणि खाली आली.

खाली विनायक आणि ठेलेवाला दोघं मिळून गजाननची शिसवी खाट कोळशाच्या खोलीत घालत होते. गजानन आतून ओढत होता. खाट दारात आडवी अडकली. ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. गजानन आत राहिला, उज्ज्वला बाहेर. खिडकीखाली कालिंदीवहिनी उनून पेटवत होत्या, कारण वेळ झाली होती.